‘कशावरून?’ : वाचनातील अनुमान आणि किल्लारीची लेकरे

१९९३ साली अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता झाली. त्याच दिवशी गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले आणि लोक रात्री उशिरा अंथरुणाला पाठ टेकून झोपी गेले. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तिच्या भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर जाड मातीचे माळवद अशी त्या भागातील घरांची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, पेठ सांगवी ही नावे त्या सकाळी आकाशवाणीवरून देशभर पोहोचली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली.

जैन समाजाच्या दृष्टीने या आपत्तीला आणखी एक संदर्भ आहे. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. पुढे पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले यांनाही त्या वास्तूने नंतर आसरा दिला. मदतीचा ट्रक पाठवून हात झटकण्याऐवजी मुलांची पुढील अनेक वर्षे आपल्या अंगावर घ्यावयाची, हा निर्णय त्या काळी मोठ्या धाडसाचा होता. समाजाला त्याचा रास्त अभिमान आहे.

या कामाची चर्चा बहुधा वसतिगृह, भोजन, गणवेश आणि शाळा यांच्या भोवती फिरते. त्यात एक प्रश्न मागे राहतो. आपले गाव, आपली बोली आणि पुष्कळदा आपली माणसे गमावून आलेल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक दिले, की ते त्याला ‘वाचता’ कसे येते? अक्षरे ओळखता येणे म्हणजेच वाचता येणे काय? हा प्रश्न किल्लारीच्या लेकरांपुरता नाही. आज समाजातील घराघरांत, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांसमोरही तो तसाच उभा आहे.

दोन वाक्ये, दोन अर्थ

पुढील दोन साधी वाक्ये पाहावीत. ‘रात्री वाऱ्याने पत्रा वाजला. सगळी मुले धावत अंगणात आली.’ मुले अंगणात का आली, असा प्रश्न शिक्षकांनी विचारला, तर पुण्यात वाढलेला विद्यार्थी म्हणेल, ‘वादळ पाहायला’ किंवा ‘गारा वेचायला’. भूकंपानंतर महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले मूल म्हणेल, ‘घर पडंल म्हणून भिऊन.’ दोघांपैकी चूक कोणाचे? वाक्यांत कारण लिहिलेलेच नाही. प्रत्येकाने आपल्या अनुभवाच्या गाठोड्यातून ते काढले आणि रिकामी जागा भरली. उत्तरपत्रिकेत मात्र पहिले उत्तर बरोबर ठरण्याची आणि दुसऱ्यावर फुली पडण्याची शक्यता अधिक.

लिहिलेल्या शब्दांवरून न लिहिलेले ओळखणे म्हणजे अनुमान. कोणताही लेखक सर्व काही लिहीत नाही. ‘मृग कोरडा गेला. सेठजींनी नव्या मालाची मागणी निम्म्यावर आणली.’ या दोन वाक्यांमध्ये केवढी मोठी साखळी दडली आहे, हे व्यापारी कुटुंबातील वाचकास सांगावे लागत नाही. पाऊस लांबला, पेरणी लांबली, शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, उधारी वाढणार, उठाव कमी होणार. गल्ल्याजवळ बसून मोठा झालेला दहा वर्षांचा मुलगाही हे क्षणात जोडतो. ज्याने पेढी पाहिलेली नाही, अशा हुशार मुलाला मात्र ही दोन वाक्ये एकमेकांशी संबंध नसलेली वाटतील. आकलनाचा मोठा भाग बुद्धीपेक्षा पूर्वज्ञानावर उभा असतो, तो असा.

अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची समजली जाणारी, परंतु खेळाची जाण असलेली मुले ते वर्णन चांगले समजली. वाचनात पक्की, पण खेळाशी अनोळखी असलेली मुले त्यांच्या मागे पडली. औसा-उमरगा भागातील मुलाला बंदरावरचा धडा अवघड जातो आणि खुरपणी-मळणीचा धडा सोपा जातो, याचे मर्म येथेच आहे.

अस्खलित वाचन आणि हरवलेला अर्थ

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या जेन ओकहिल आणि निकोला युइल या अभ्यासकांनी अशा मुलांकडे लक्ष वेधले, की जी न अडखळता, शुद्ध उच्चारांत वाचतात, परंतु वाचलेल्या मजकुराचा अर्थ त्यांच्या हाती लागत नाही. प्रश्नाचे उत्तर मजकुरात शब्दशः असेल तर ती देतात, जोडून काढावयाचे असेल तर गप्प होतात. अशी मुले वर्गात सहसा नजरेस येत नाहीत, कारण ती ‘छान वाचतात’. पुढे गणिताची शाब्दिक उदाहरणे, विज्ञानाची कारणे आणि इतिहासाचे परिणाम यांपाशी ती अडतात आणि मग ‘अभ्यास करीत नाही’ असा शिक्का बसतो.

‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलांच्या वाचनाच्या पायऱ्या अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा ठरविलेल्या आहेत. गोष्ट वाचता येणे ही पायरी गाठलीच पाहिजे. तथापि गोष्टीतील माणूस असा का वागला, हे सांगता येणे ही तिच्यानंतरची पायरी आहे, आणि भाषेची अडचण असलेले मूल नेमके तिथे घसरते.

ही अडचण एकाच प्रकारची नसते. पहिला प्रकार बोलीच्या अंतराचा. किल्लारीचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कर्नाटकाची सीमा तेथून जवळ आहे. मराठीबरोबर कानडी, दखनी-उर्दू आणि तांड्यांवरील बंजारा बोली तेथे कानी पडते. ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातील ‘काय करीत आहेस?’ कळते. मात्र वाक्ये लांबली आणि ‘तथापि’, ‘अन्यथा’, ‘परिणामी’ असे शब्द आले, की धागा तुटतो. दुसरा प्रकार घरची भाषा वेगळी असण्याचा. सैतवाळ जैन कुटुंबे घरी मराठीच बोलतात, परंतु मारवाडी, कच्छी किंवा गुजराती बोलणाऱ्या घरातील मुलाला शाळेत एक भाषा, बाजारात दुसरी आणि मंदिर-स्थानकात तिसरी असा संसार करावा लागतो. बहुभाषिक असणे हे धनच होय. मात्र शिकण्याच्या भाषेतील शब्दसाठा तोकडा राहिला, तर अनुमानाचे भांडवल कमी पडते. तिसरा प्रकार जन्मजात भाषिक विकासाच्या अथवा अध्ययन अक्षमतेच्या अडचणीचा, आणि चौथा ऐकू कमी येण्याचा. या चौघांना एकच औषध लागू पडत नाही. म्हणून मूल अडते, तेव्हा ते अक्षरांपाशी अडते, शब्दांपाशी, माहितीपाशी की जोडण्यापाशी, हे आधी पाहावे लागते.

आचार्यांनी दाखविलेला क्रम

जैन न्यायग्रंथांत परोक्ष प्रमाणाचे पाच भेद सांगितले आहेत : स्मृती, प्रत्यभिज्ञान, तर्क, अनुमान आणि आगम. आचार्य अकलंकदेवांनी ही मांडणी पक्की केली आणि माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ ग्रंथात ती सूत्ररूपाने आली. हे ग्रंथ शाळेतील वाचनासाठी लिहिलेले नाहीत, हे उघड आहे. तरीही त्यांतील पहिले चार भेद क्रमाने मनात ठेवले, तर मुलाला मदत कोठे करावी हे स्पष्ट दिसू लागते.

स्मृती म्हणजे पूर्वी अनुभवलेले आठवणे. धडा वाचण्यापूर्वी मुलाला त्या विषयाचे काय ठाऊक आहे ते बोलते करावे. बाजार समितीवरील धडा असेल, तर आधी दहा मिनिटे मोंढ्यावरील गप्पा व्हाव्यात, जमल्यास मोंढा दाखवावा.

प्रत्यभिज्ञान म्हणजे ‘हा तोच’ अशी ओळख पटणे. वाचताना हे काम सर्वनामांपाशी पडते. ‘सविताने आईला सांगितले, की तिला आज बरे वाटत नाही.’ येथे ‘तिला’ म्हणजे कोणाला? मराठीत कर्ता वारंवार गाळला जातो आणि क्रियापदाच्या रूपावरून तो ओळखावा लागतो. ‘मी दार उघडले आणि बाहेर आले’ या वाक्यातील ‘आले’ या रूपावरून बोलणारी स्त्री आहे, हे प्रमाण मराठीच्या वाचकास कळते. दक्षिण महाराष्ट्रातील काही बोलींत मात्र स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात. घरी कानडी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलालाही ही खूण सहज दिसत नाही. अशा वेळी पेन्सिलीने ‘तो’, ‘ती’, ‘त्याने’ यांभोवती गोल करून ज्याच्याबद्दल ते आहे त्या नावापर्यंत बाण काढावयास सांगावा. उपाय बाळबोध दिसतो, पण अर्धा गोंधळ तेथेच मिटतो.

तर्क म्हणजे दोन गोष्टींमधील नित्य संबंधाचे ज्ञान, जसे जेथे धूर तेथे अग्नी. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’, ‘मात्र’ हे शब्द असे संबंध दाखवितात. ‘दुकान उघडे होते, तरीही रमेश रिकाम्या हाताने परतला’ यातील ‘तरीही’ निसटला, तर पुढील विचारच सुरू होत नाही. हे शब्द व्याकरणाची यादी म्हणून पाठ करून घेऊ नयेत, रोजच्या बोलण्यात वापरून दाखवावेत.

यानंतर अनुमान येते. न्यायशास्त्रात अनुमानाला हेतू लागतो, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढला ती खूण. अंदाज आणि अनुमान यांतील भेद येथेच आहे. अंदाजाला आधार लागत नाही, अनुमानाला लागतो. म्हणून मुलाने कोणतेही उत्तर दिले तरी त्यास शांतपणे एकच प्रश्न विचारावा, ‘कशावरून?’ बरोबर उत्तरालाही विचारावा आणि चुकलेल्यालाही. केवळ चुकल्यावर विचारला, तर मूल त्याला दटावणी समजते.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

हिशेबाच्या शिस्तीत व्हाउचर असल्याखेरीज कीर्दीत नोंद होत नाही. अनुमानाच्या सरावालाही हीच पद्धत उपयोगी पडते. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात ‘पुस्तकात काय लिहिले आहे’, दुसऱ्यात ‘मला आधीपासून काय ठाऊक आहे’ आणि तिसऱ्यात ‘म्हणून मला काय वाटते’. उदाहरणार्थ, ‘आजीने पदर डोळ्यांना लावला आणि चूल फुंकली’ असे वाक्य आले. आजी रडत होती, असे मुलाने लिहिले, तर पहिल्या रकान्यात ‘पदर डोळ्यांना लावला’ आणि दुसऱ्यात ‘माणूस रडला की डोळे पुसतो’ असे येईल. दुसरे मूल म्हणेल, धुराने डोळ्यांत पाणी आले. त्याच्या पहिल्या रकान्यात ‘चूल फुंकली’ आणि दुसऱ्यात ‘ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो’ असे येईल. दोघांचीही व्हाउचरे खरी आहेत. आता पुढील वाक्य वाचावे आणि कोणते अनुमान टिकते ते पाहावे. नवा पुरावा आला, की आपले मत बदलण्यात कमीपणा नाही, ही अनेकान्ताची सवय मुलाला येथे न सांगता लागते.

या सरावाची काही पथ्ये आहेत. आरंभ पुस्तकाने करू नये, बोलण्याने करावा. चित्र दाखवून ‘या घरात आज काय असेल? कशावरून?’ असे विचारावे. मग दोन ओळींचा मजकूर, नंतर परिच्छेद. मुलाला उत्तर घरच्या बोलीत देऊ द्यावे. विचार बरोबर झाला, की तो प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत कसा मांडावा हे नंतर सांगता येते. विचार आणि शुद्धलेखन यांची परीक्षा एकाच वेळी घेतली, तर अडचण असलेले मूल दोन्ही सोडून देते. मोठ्यांनी स्वतः वाचताना मोठ्याने विचार करून दाखवावा. ‘येथे छत्रीचा उल्लेख आला, म्हणजे पाऊस असणार, पाहू या पुढे’ असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले, की वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चालते हे मुलाला प्रथमच कळते. आणि रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. ओकहिल आणि युइल यांच्या १९८८ च्या प्रयोगात अनुमानाचा मोजक्याच बैठकींचा सराव दिल्यावर कमकुवत आकलनाच्या मुलांत लक्षणीय सुधारणा आढळली होती.

महाराष्ट्रात या दिशेने काम करणाऱ्या संस्था आहेत. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि त्याच गावी प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारे मुलांच्या वाचनाचे काम उभे केले. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांच्या प्रारंभिक साक्षरतेसाठी झटते. शिक्षकांना मार्गदर्शन हवे असल्यास ते मराठीत आणि आपल्याच राज्यात उपलब्ध आहे.

‘दुकान तर आहेच’

व्यापारी समाजात वाचनात मागे पडणाऱ्या मुलाविषयी एक वाक्य सहज उच्चारले जाते : ‘नाही जमत तर राहू दे, दुकान तर आहेच.’ त्यामागे माया असते, पण त्या मायेने मुलाचे नुकसान होते. आजचे दुकान वाचनाशिवाय चालत नाही. जीएसटीची नोटीस, विम्याच्या अटी, भागीदारीचा करारनामा, जामीनपत्र यांत जे लिहिले आहे त्याहून जे सूचित आहे ते अधिक महाग पडते. बँकेचे पत्र येते : ‘आपल्या खात्यातील हप्ता ६० दिवसांपासून थकीत आहे.’ पत्रात एवढेच असते. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादित ठरते, हे ज्यास ठाऊक आहे तो समजतो, की हाती केवळ महिना उरला आहे. दुसरा ते पत्र फाईलला लावून मोकळा होतो. दोघांनाही अक्षरे वाचता येत होती.

दुसरी सवय लपविण्याची. मुलाला भाषेची किंवा अध्ययनाची अडचण आहे असे कोणी सुचविले, तर ‘उद्या सोयरिकीत प्रश्न येईल’ या भीतीने तपासणीच टाळली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. प्रथम कानांची तपासणी, मग वाचा-भाषा तज्ज्ञ आणि आवश्यक तर मानसशास्त्रज्ञ असा क्रम ठेवावा. तिसरीतील मुलाला मिळालेली मदत आणि नववीत मिळालेली मदत यांत फार मोठे अंतर असते. मधल्या सहा वर्षांत मूल स्वतःला ‘मठ्ठ’ समजू लागलेले असते, आणि तो समज पुसणे हे वाचन शिकविण्याहून कठीण आहे.

किल्लारीचे ते मूल, जे ‘घर पडंल म्हणून भिऊन’ असे म्हणेल, त्याच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी एखाद्या शिक्षकाने ‘कशावरून रे बाळा?’ असे विचारले, तर दोन गोष्टी घडतात. मुलाला आपला विचार मांडण्याची संधी मिळते, आणि शिक्षकाला त्याच्या मनातील ती पहाट दिसते. त्यानंतर तेच मूल दुसऱ्याचे उत्तरही ऐकू शकते : गारा पडल्या तरी मुले अंगणात धावतात. त्याच्या स्मृतीत एक नवी, निर्भय शक्यता जमा होते.

१२०० मुलांना पुण्यास आणून शाळेत बसविण्याचे अवघड काम समाजाने एकदा करून दाखविले. आता गावोगावच्या जैन बोर्डिंगांत, पाठशाळांत आणि घरांत पुढील काम त्या मानाने अल्पखर्ची आहे. पाठशाळेच्या तासात एक गोष्ट वाचून ‘कशावरून?’ विचारणारे एक शिक्षक, वसतिगृहात मराठी गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर नातवाजवळ वीस मिनिटे बसणारे एक आजोबा, एवढेच भांडवल त्यासाठी लागते. आजोबांचे शिक्षण किती, हा प्रश्न येथे गौण आहे. गिऱ्हाईक उंबरठ्यावर आल्याबरोबर ते घेणार की नुसते पाहून जाणार, हे ज्यांनी आयुष्यभर ओळखले, त्यांना अनुमान शिकविण्यासाठी वेगळी पदवी नको. आपण ते कशावरून ओळखले, एवढे मात्र त्यांनी नातवाला उलगडून सांगितले पाहिजे.